प्रवाह आणि रचना : एका जुगलबंदीचे गणित

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा शहराजवळच्या चिंचोळ्या खाडीवर बांधलेला झुलता पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीस खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सकाळी अकराच्या सुमारास कोसळला. अवघ्या चार महिन्यांचे आयुष्य लाभलेला हा पूल त्या वेळी लांबीच्या दृष्टीने जगातील तिसऱ्या क्रमांकाचा झुलता पूल होता. त्याच्या दोन मनोऱ्यांमधील अंतर ८५३ मीटर होते. त्या सकाळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ६७ किलोमीटर होता. वारा जोराचा खरा. परंतु पूल पाडणारा झंझावात म्हणावा असा तो नव्हता. याहून कितीतरी जोराच्या वाऱ्याचा दाब सोसता येईल, असा हिशेब करूनच पूल उभारला होता आणि त्या हिशेबातील आकडेमोड चुकलेली नव्हती. तरीही पोलाद आणि काँक्रीट यांचा तो पट्टा ओल्या कपड्यासारखा पिळला गेला आणि तुकड्यातुकड्यांनी खाली पाण्यात पडला.

वारा पुलाला हलवतो, हे सर्वांनाच ठाऊक होते. हललेला पूल आपल्याभोवतीच्या वाऱ्याची वाट बदलतो आणि वाट बदललेला वारा पुलाला नव्याने हलवतो, ही गोष्ट मात्र हिशेबात धरलेली नव्हती. वाहता पदार्थ आणि लवचिक वस्तू यांच्यातील या देवाणघेवाणीला अभियांत्रिकीत ‘प्रवाह-रचना परस्परक्रिया’ म्हणतात. देवळाच्या शिखरावरील पताका, आकाशातील पतंग, होडीचे शीड, ओढ्याच्या पाण्यात डोलणारे लव्हाळे ही तिची साधी रूपे आहेत. विमानाचे पंख, पवनचक्कीची पाती, अवकाशयानाला सुखरूप उतरवणारी हवाई छत्री आणि मनुष्याच्या हृदयातील झडपा ही तिची अशी रूपे, की जेथे अंदाज चुकल्यास माणसांचे प्राण जातात. ही जुगलबंदी प्रत्यक्ष घडण्यापूर्वी संगणकात घडवून पाहणे, म्हणजेच तिचे संगणकीय प्रतिरूपण करणे, ही गेल्या अर्धशतकात विकसित झालेली एक अवघड विद्या आहे. ती अवघड का आहे, आणि तिच्या उत्तरांवर कितपत विसंबावे, हे समजून घेण्यासाठी पुन्हा टॅकोमाकडे वळणे सोयीचे ठरते.

उत्तर बरोबर, प्रश्न अपुरा

टॅकोमा पुलाचे आरेखन करणारे लिऑन मॉइसेफ हे त्या काळातील झुलत्या पुलांचे अग्रगण्य तज्ज्ञ होते. न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन पुलापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापर्यंत अनेक कामांत त्यांचा सहभाग होता. टॅकोमाच्या मूळ आराखड्यात रस्त्याच्या पट्ट्याला, म्हणजे डेकला, आधार म्हणून २५ फूट उंचीची पोलादी जाळीदार चौकट योजली होती. मॉइसेफ यांनी तिच्या जागी केवळ ८ फूट उंचीच्या, सलग पोलादी पत्र्याच्या तुळया सुचवल्या. त्यामुळे खर्च बराच वाचणार होता आणि पूलही अधिक नाजूक व देखणा दिसणार होता. डेकची रुंदी जेमतेम १२ मीटर होती. गोल्डन गेट पुलाच्या मधल्या गाळ्याची लांबी त्याच्या रुंदीच्या सुमारे ४७ पट आहे. टॅकोमात हे प्रमाण ७२ पट झाले.

मॉइसेफ यांच्या सिद्धांतानुसार पूल जितका लांब, तितका वाऱ्याच्या आडव्या रेट्याचा मोठा वाटा मुख्य दोरखंडांकडे जातो आणि डेक हलका ठेवता येतो. स्थिर रेट्यापुरते हे खरेच होते. परंतु या गणितात वारा म्हणजे एका बाजूने सतत ढकलणारा हात होता. पुलाच्या हालचालीला तो प्रतिसाद देईल, असे त्यात गृहीत धरलेले नव्हते.

बांधकाम चालू असतानाच डेक वरखाली हेलकावू लागला होता. मजुरांनी त्याला ‘गॅलपिंग गर्टी’, म्हणजे दौडणारी गर्टी, असे नाव ठेवले. पूल खुला झाल्यावर हे हेलकावे अनुभवण्यासाठी लोक मुद्दाम गाड्या घेऊन येत असत. डेक जमिनीला पोलादी दोरांनी बांधून पाहिला, धक्के शोषणारी यंत्रे बसवून पाहिली; उपयोग झाला नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक एफ. बी. फार्कुहारसन यांनी पुलाची लहान प्रतिकृती वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात, ठेवून अभ्यास केला. नोव्हेंबरच्या आरंभी त्यांनी दोन उपाय सुचवले : तुळयांना भोके पाडून वाऱ्याला आरपार वाट द्यावी, किंवा तुळयांच्या बाहेरून वक्राकार आवरण बसवून वाऱ्याला अलगद वळवावे. निदान योग्य दिशेने चालले होते. परंतु पुलाच्या हाती काहीच दिवस उरले होते. ७ नोव्हेंबरला फार्कुहारसन स्वतः पुलावर उपस्थित होते. मनुष्यहानी झाली नाही. एका मोटारीत अडकलेला टबी नावाचा कुत्रा मात्र पुलाबरोबर गेला.

अनुस्पंदन नव्हे, फडफड

पूल कोसळतानाचे चलच्चित्र जगभर दाखवले गेले आणि त्याबरोबर एक सोपे स्पष्टीकरणही पसरले. सैनिकांच्या तालबद्ध पावलांनी पूल जसा हलू लागतो, तसे वाऱ्याच्या ठेक्याची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली आणि अनुस्पंदनाने, म्हणजे रेझोनन्सने, पूल पडला, असे अनेक पाठ्यपुस्तकांत छापले गेले. १९९१ साली के. युसूफ बिल्ला आणि रॉबर्ट स्कॅनलन यांनी एका शोधनिबंधात या स्पष्टीकरणातील दोष दाखवला. वाऱ्यात उभ्या केलेल्या बोजड वस्तूच्या मागे आलटूनपालटून भोवरे सुटतात. त्या दिवशीच्या वाऱ्यात हे भोवरे सेकंदाला साधारण एकदा सुटायला हवे होते. पुलाचा पीळ मात्र पाच सेकंदांत एकदा, म्हणजे सुमारे पाचपट मंद गतीने, चालू होता. दोघांचा ताल जुळलेलाच नव्हता.

घडले ते असे. सकाळी दहाच्या सुमारास पुलाच्या मध्यावर दोरखंडाला धरून ठेवणारा एक पट्टा निसटला आणि तोवर वरखाली हलणारा डेक एकाएकी डावीउजवीकडे पिळू लागला. डेक कलला की त्यावरचा वाऱ्याचा दाब बदले. आणि तो बदललेला दाब नेमक्या अशा क्षणी येई, की पीळ कमी होण्याऐवजी वाढावा. प्रत्येक फेरीत पूल वाऱ्याकडून थोडी ऊर्जा घेत राहिला. पोलादातील आणि सांध्यांतील घर्षण जेवढी ऊर्जा जिरवू शकत होते, त्याहून ही आवक अधिक झाली आणि पिळाला आवर राहिला नाही.

झोपाळ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. अनुस्पंदनात झोका देणाऱ्याची स्वतःची एक लय असते आणि ती झोपाळ्याच्या लयीशी जुळून येते. फडफडीत झोका देणाऱ्याला स्वतःची लयच नसते. झोपाळाच आपल्या हालचालीने त्याचा हात हलवून घेतो. पहिल्या प्रकारात वारा आणि पूल यांचा विचार वेगवेगळा करता येतो. दुसऱ्या प्रकारात तो एकत्रच करावा लागतो.

खेदाची बाब अशी, की विमानविद्येत हे ज्ञान आधीच उपलब्ध होते. १९१६ साली ब्रिटनच्या हँडली पेज कंपनीच्या एका बाँबफेकी विमानाची शेपटी उड्डाणात जोरजोराने पिळवटत असे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याची मीमांसा केली. अमेरिकेत थिओडोर थिओडोरसेन यांनी १९३५ साली, म्हणजे टॅकोमा पडण्यापूर्वी पाच वर्षे, पंखांच्या फडफडीचे गणित मांडून प्रसिद्ध केले होते. विमानाचे अभियंते आणि पुलांचे अभियंते एकमेकांची पुस्तके वाचत नव्हते. पूल पडल्यानंतरच्या चौकशी समितीत वायुगतिशास्त्राचे थोर अभ्यासक थिओडोर फॉन कारमान यांचा समावेश झाला, तेव्हा या दोन विद्या एका टेबलाशी आल्या.

समीकरणे दोन, सीमा एक

द्रव आणि वायू यांना शास्त्रीय परिभाषेत मिळून ‘द्रायू’ म्हणतात. द्रायूच्या गतीची समीकरणे क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ साली आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ साली मांडली. घन वस्तू ताणामुळे किती वाकते, याचे स्थितिस्थापकतेचे शास्त्रही एकोणिसाव्या शतकातच आकाराला आले. म्हणजे दोन्ही बाजूंचे नियम फार पूर्वीपासून ज्ञात होते. अडचण दोहोंच्या सीमेवर होती.

या सीमेवर दोन अटी पाळाव्या लागतात. एक, वस्तूला टेकलेला द्रायूचा थर वस्तूइतक्याच वेगाने सरकला पाहिजे. दुसरी, द्रायू वस्तूवर जितके बल लावतो तितकेच बल वस्तूने उलट दिशेने द्रायूवर लावले पाहिजे. अटी साध्या आहेत. परंतु ही सीमा पुढच्या क्षणी कोठे असेल, हेच ठाऊक नसते. सीमेची जागा कळण्यासाठी वस्तू किती वाकली ते हवे. ते कळण्यासाठी द्रायूचे बल हवे. आणि ते बल काढण्यासाठी सीमेची जागा हवी. उत्तराचाच एक भाग प्रश्नात दडलेला असतो.

दुसरी अडचण पाहण्याच्या पद्धतीची आहे. संगणकात गणित करण्यासाठी जागेचे बारीक जाळीत विभाजन करतात आणि काळाचेही छोटे छोटे टप्पे पाडतात. द्रायूचा अभ्यास करणारा सहसा नदीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसासारखा असतो : जाळी स्थिर, पाणी तिच्यातून वाहून जाते. घन वस्तूचा अभ्यास करणारा होडीत बसलेल्या माणसासारखा असतो : जाळी वस्तूलाच चिकटलेली आणि तिच्याबरोबर वाकणारी. परस्परक्रियेत हे दोघे एकाच सीमेवर भेटतात आणि त्यांच्या नोंदी जुळत नाहीत.

यावर १९७०च्या दशकापासून दोन मुख्य मार्ग निघाले. पहिल्यात द्रायूची जाळीही हलती ठेवतात. वस्तूजवळ ती वस्तूबरोबर सरकते, दूरवर स्थिर राहते आणि मधल्या भागात रबरासारखी ताणली जाते. हर्ट, अॅम्सडेन आणि कुक या संशोधकांनी १९७४ साली मांडलेली ही पद्धत पुलाच्या किंवा पंखाच्या बेताच्या हालचालींसाठी फार उपयोगी पडते. वस्तू खूप वाकली, उलटली किंवा दुसऱ्या वस्तूला टेकली की मात्र जाळीचा गुंता होतो आणि ती नव्याने विणावी लागते. दुसऱ्या मार्गाची कथा हृदयाशी निगडित आहे. ती पुढे येईल.

दोन कार्यालयांतील फाइल

सीमेवरील अटी पाळायच्या कशा, यासाठीही दोन पंथ आहेत. पहिला पंथ दोन्ही समीकरणे एकत्र बांधून एकाच वेळी सोडवतो. हे गणित अचाट मोठे होते आणि त्यासाठी संगणकीय प्रणाली मुळापासून लिहावी लागते. दुसरा पंथ कामाची वाटणी करतो. द्रायूची प्रणाली निराळी आणि रचनेची निराळी. दोघी आलटूनपालटून काम करतात आणि सीमेवरील आकडे एकमेकींना देतात. दोन कार्यालयांत फाइल फिरावी, तसा हा प्रकार आहे. पहिले कार्यालय फाइलवर बल लिहून पाठवते, दुसरे त्यानुसार विस्थापन लिहून परत करते.

फाइल एका टप्प्यात एकदाच फिरवून पुढच्या क्षणाकडे गेले, तर काम झपाट्याने उरकते. विमानाच्या पंखासाठी अनेकदा एवढे पुरते. पंख जड, हवा हलकी. एका टप्प्यातील किरकोळ विसंगतीने फारसे बिघडत नाही. हीच पद्धत रक्तवाहिनीसाठी वापरली, तर काही टप्प्यांतच आकडे स्फोट झाल्यासारखे वाढत जातात आणि गणित कोलमडते.

याचे कारण पाण्यात हात हलवणाऱ्या कोणालाही जाणवलेले असते. हवेत हात झटकन हलतो. पाण्यात तोच हात जड वाटतो, कारण हाताबरोबर आसपासचे पाणीही ढकलावे लागते. वस्तूला जणू पाण्याचे वजन चिकटते. याला ‘जोडीचे वस्तुमान’ म्हणता येईल. रक्ताची घनता आणि रक्तवाहिनीच्या भिंतीची घनता जवळपास सारखीच असते. त्यामुळे पातळ भिंतीला चिकटलेले हे वस्तुमान तिच्या स्वतःच्या वस्तुमानाहूनही अधिक भरू शकते. अशा वेळी फाइलवरील जुना आकडा धरून काढलेले नवे उत्तर मूळ चुकीपेक्षा मोठी चूक घेऊन परतते आणि प्रत्येक फेरीत ती फुगत जाते. कॉझिन, जेर्बो आणि नोबिले या संशोधकांनी २००५ साली एका साध्या प्रारूपावर या बिघाडाचे गणिती कारण सिद्ध केले. काळाचे टप्पे अधिक बारीक केले तरी तो टळत नाही, हे त्यातील विशेष. एरवी संगणकीय गणितात अचूकतेचा हमखास उपाय म्हणजे टप्पा लहान करणे. येथे तोच निरुपयोगी ठरतो.

मग फाइल एकाच टप्प्यात पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. दोन्ही कार्यालयांचे आकडे जुळेपर्यंत पुढचा क्षण उगवत नाही. प्रत्येक फेरीत सुचवलेला बदल पूर्ण न स्वीकारता त्याचा काही अंशच स्वीकारला, तर आकडे लवकर जुळतात. तो अंश किती असावा, हे मागील फेऱ्यांवरून ठरवण्यासाठी अलेक्झांडर एटकिन या गणितज्ञाची संगणकपूर्व काळातील युक्ती आजही वापरली जाते.

हवाई छत्री हे याच अडचणीचे आणखी एक उदाहरण. तिचे कापड अत्यंत हलके असते आणि तिने कवेत घेतलेली हवा तुलनेने फार जड. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या ओरायन या अवकाशयानाला तीन मुख्य छत्र्या आहेत. प्रत्येकीचा व्यास सुमारे ३५ मीटर. त्यांच्या कापडात हवा जाण्यासाठी शेकडो फटी ठेवलेल्या असतात. राइस विद्यापीठात तैफुन तेझदुयार यांच्या गटाने या छत्र्यांचे प्रतिरूपण केले. प्रत्येक फट स्वतंत्रपणे मोजणे अशक्यप्राय असल्याने फटींतून झिरपणाऱ्या हवेची सरासरी काढण्याची पद्धत त्यांनी बसवली. डिसेंबर २०२२ मध्ये ओरायन चंद्राची वारी करून, मनुष्याविना, पॅसिफिक महासागरात उतरले ते याच प्रकारच्या छत्र्यांच्या आधारे.

हृदयातील पताका

माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक ठोक्याला त्याच्या झडपा उघडतात व मिटतात. या झडपांना स्वतःचे स्नायुबल जवळजवळ नसते. रक्ताचा प्रवाह त्यांना उघडतो आणि तोच मिटवतो. त्या मिटल्या की प्रवाहाची वाटच बंद होते. प्रवाह आणि रचना यांचे याहून घट्ट नाते क्वचितच सापडेल.

१९७२ साली चार्ल्स पेस्किन या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधात हा प्रश्न हाती घेतला. झडपेची पाकळी इतकी पातळ आणि इतकी हलणारी, की तिच्याबरोबर ताणली जाणारी जाळी टिकणे कठीण. पेस्किन यांनी जाळी हलवण्याचा विचारच सोडून दिला. त्यांनी द्रवाची जाळी चौकटीच्या कागदासारखी स्थिर ठेवली आणि पाकळीला त्यावर तरंगणाऱ्या स्थितिस्थापक धाग्यांचे रूप दिले. धागा ताणला की तो आसपासच्या चौकटींतील द्रवाला बल देतो. द्रव वाहिला की धागा त्याच्याबरोबर सरकतो. द्रवाच्या दृष्टीने तेथे भिंत नसतेच. असते ते केवळ एका रेषेवर एकवटलेले बल. ‘बुडीत सीमा पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना पुढे माशांचे पोहणे, कीटकांचे उडणे आणि पेशींची हालचाल यांच्या अभ्यासातही रुजली. पेस्किन आणि डेव्हिड मॅक्क्वीन यांनी न्यू यॉर्क विद्यापीठात तिच्या आधारे संपूर्ण हृदयाचे त्रिमितीय प्रारूप उभे केले. या पद्धतीची किंमत अशी, की सीमा धारदार न राहता एकदोन चौकटींइतकी पसरट होते. भिंतीलगतचे बारकावे हवे असतील तेथे हे उणेपण जाणवते.

या संशोधनाचा रुग्णाशी थेट संबंध कसा येतो, याचे एक अलीकडचे उदाहरण सांगता येईल. निकामी झालेल्या महाधमनीच्या झडपेच्या जागी आता छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून नळी सरकवून, नवी झडप बसवता येते. ती बारीक नळीत घडी करून बसावी लागते. म्हणून तिच्या पाकळ्या जितक्या पातळ तितके चांगले, असे वाटणे साहजिक आहे. २०२० साली अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रतिरूपणात असे दिसले, की जैविक ऊतीची पाकळी एका मर्यादेपलीकडे पातळ केली तर ती उघडी असताना रक्ताच्या झोतात फडफडू लागते. अशी फडफड ठोक्यागणिक झाली, तर पाकळीची झीज लवकर होण्याचा आणि रक्तपेशींना इजा पोहोचण्याचा धोका संभवतो. खर्च आणि वजन वाचवण्यासाठी पातळ केलेल्या टॅकोमाच्या तुळया येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. फरक एवढाच, की या वेळी फडफड प्रथम संगणकात दिसली.

उत्तराची परीक्षा

संगणक उत्तर देतो आणि त्याची रंगीत चित्रेही काढतो. ते उत्तर खरे कशावरून? १९९६ साली श्येफर आणि टूरेक यांनी एका अरुंद पाटातील वाटोळ्या खांबाभोवतीच्या प्रवाहाचे मानक उदाहरण ठरवले होते. त्याचा विस्तार करून श्टेफान टूरेक आणि यारोस्लाव्ह ह्रोन यांनी २००६ साली परस्परक्रियेसाठी एक सर्वमान्य परीक्षा घालून दिली. अडीच मीटर लांब आणि ४१ सेंटिमीटर रुंद पाट. त्यात १० सेंटिमीटर व्यासाचा खांब. खांबाच्या मागे ३५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाडीची लवचिक पट्टी. ही सारी रचना कागदावरचीच. खांबामागे भोवरे सुटतात आणि पट्टी शेपटीसारखी हलू लागते. तिचे टोक किती हलते आणि सेकंदाला किती वेळा, हे सांगायचे.

पट्टी द्रवाच्या दहापट घनतेची असताना टोक दोन्ही बाजूंना सुमारे ८ सेंटिमीटर, सेकंदाला दोनदा हलते. पट्टी अधिक ताठ पण द्रवाइतक्याच घनतेची आणि प्रवाह दुप्पट वेगाचा असताना ते सुमारे साडेतीन सेंटिमीटर, सेकंदाला पाचांहून थोडे अधिक वेळा हलते. नवी प्रणाली लिहिणारा संशोधक प्रथम हे आकडे मिळवून दाखवतो. दुसरे उदाहरणच बहुतेकांची दमछाक करते, कारण त्यात घनता समान असल्याने जोडीच्या वस्तुमानाची अडचण पुरेपूर उतरते.

या परीक्षेतील एक बारकावा सूचक आहे. खांब पाटाच्या बरोबर मध्यावर नाही. तो मुद्दाम अर्धा सेंटिमीटर बाजूला ठेवला आहे. तो नेमका मध्यावर असता, तर पट्टीने प्रथम कोणत्या बाजूला आणि केव्हा हलावे, हे संगणकाच्या दशांश चिन्हापुढील किरकोळ चुकांवर अवलंबून राहिले असते. प्रत्येक संगणकाचे उत्तर वेगळे आले असते आणि त्याचे श्रेय मात्र निसर्गाला दिले गेले असते.

संगणक आणि वातविवर

पुलांच्या बाबतीत संगणकाने टॅकोमाचे ऋण काही अंशी फेडले आहे. १९९०च्या दशकात डेन्मार्कमधील अॅलन लार्सन आणि जेन्स वॉल्थर यांनी प्रवाहातील भोवऱ्यांचे असंख्य सुटे कण मानून पुलाच्या छेदाभोवतीचा वारा मोजण्याची पद्धत विकसित केली. लार्सन यांनी २००० साली, दुर्घटनेला साठ वर्षे होत असताना, टॅकोमाच्या छेदाचे या मार्गाने विश्लेषण प्रसिद्ध केले. डेक पिळला की वाऱ्याकडील कडेशी एक मोठा भोवरा तयार होतो आणि डेकवरून मागे सरकत जातो. वाऱ्याचा वेग एका मर्यादेपुढे गेला की हा भोवरा पिळाच्या एका फेरीत अशा ठिकाणी पोहोचतो, की तो पिळाला विरोध करण्याऐवजी बळ देतो, असे त्यातून दिसून आले. फार्कुहारसन यांना वक्राकार आवरण का सुचले असावे, याचे उत्तरही त्यात आहे : कड बोजड नसेल, तर तो भोवराच नीट बनत नाही.

तथापि पूल बांधताना आजही वातविवराला फाटा दिला जात नाही. खऱ्या वाऱ्यात खळबळ असते; शेकडो मीटरच्या झुळुकीपासून मिलिमीटरच्या भोवऱ्यापर्यंत सर्व आकारांची हालचाल एकाच वेळी चालू असते. एवढी बारीक जाळी पूर्ण पुलासाठी आजच्या महासंगणकांनाही पेलणारी नाही. म्हणून लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी धरतात. प्रवाह कडेपासून कोठे सुटतो आणि पुन्हा कोठे चिकटतो, हे या सूत्रांना नेमके सांगता येईलच असे नाही. आणि फडफड तर त्यावरच अवलंबून असते. शिवाय सांध्यांतील घर्षण, काँक्रीटच्या भेगा, ऊतीची व्यक्तिपरत्वे बदलणारी ताठरता ही माहिती संगणकाला कोणीतरी पुरवावी लागते. ती चुकली, तर समीकरणे निर्दोष असूनही उत्तर चुकते.

डेन्मार्कमध्येच १९९८ साली खुल्या झालेल्या ग्रेट बेल्ट पुलाची कथा याच अंगाने बोलकी आहे. त्याचा मधला गाळा १६२४ मीटरचा. डेक निमुळत्या कडांचा आणि फडफडीपासून सुरक्षित. तरीही बांधकामाच्या अखेरच्या टप्प्यात, मध्यम वाऱ्यातच, डेक वरखाली हेलकावू लागला. हे हेलकावे पूल पाडणारे नव्हते. वाऱ्याचा ताल पुलाच्या तालाशी जुळण्याचाच हा प्रकार होता. डेकच्या खालच्या कडांना वारा वळवणारी पाती बसवल्यावर ते थांबले.

त्याहून अलीकडची घटना चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील आहे. तेथील ८८८ मीटर गाळ्याचा हुमेन पूल १९९७ पासून व्यवस्थित उभा होता. ५ मे २०२० रोजी, जोराचे वादळ नसतानाही, त्याचा डेक डोळ्यांना दिसेल इतका लाटांसारखा हलू लागला आणि वाहतूक बंद करावी लागली. दुरुस्तीच्या कामासाठी कडेने पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे ओळीने मांडून ठेवले होते. त्यांच्यामुळे डेकचा वाऱ्यापुढील आकार बदलला होता. पूल तोच, वारा तोच. कडेला ठेवलेल्या डब्यांनी दोघांचे नाते बदलले. ज्या आकारासाठी गणित केले होते, तो आकार त्या दिवशी अस्तित्वात नव्हता.

मॉइसेफ यांच्याकडे संगणक असता, तरी टॅकोमाचा पूल वाचला असता असे खात्रीने म्हणता येणार नाही. वारा म्हणजे स्थिर रेटा, एवढेच जर त्या संगणकाला सांगितले असते, तर त्याने तेच उत्तर अधिक झटपट आणि अधिक दशांश स्थळांपर्यंत दिले असते. मॉइसेफ यांचे १९४३ साली निधन झाले. खाडीवर १९५० साली उभारलेल्या नव्या पुलाला ३३ फूट उंचीची जाळीदार चौकट आहे, रस्त्यात वाऱ्याला आरपार जाण्यासाठी जाळ्या ठेवलेल्या आहेत आणि बांधण्यापूर्वी त्याच्या प्रतिकृतीची वातविवरात कसून परीक्षा झाली होती. २००७ साली त्याच्या शेजारी दुसरा पूल उभा राहिला. जुन्या पुलाचे अवशेष खाली खाडीच्या तळाशी आहेत आणि वरून रोज हजारो वाहने जातात.